सुझेनबाईंची सक्तीची सहल

यीलानचा खटला उभा राहायच्या आदल्या सकाळी पोलीस तिच्या आईला सहलीला न्यायला आले.

आई म्हणजे सुझेनबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे ही एकच मुलगी. खाणीत काम करून ज्यांच्या छातीत धूळ साठली, त्या मजुरांना एकत्र करून यीलानने भरपाई मागितली होती. त्यावरून राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी दिल्याचा आरोप तिच्यावर आला, आणि तेव्हापासून बाईंना मुलीचं तोंड दिसलं नव्हतं.

पोलिसांचा म्होरक्या फंग हा बाईंचाच जुना विद्यार्थी. गालात सुपारी धरून तो अदबीने म्हणाला, "चला बाई, तलावाकाठी दोन दिवस हवा खाऊन या. खर्च सगळा सरकारचा."

"मला उद्या कोर्टात जायचंय."

"म्हणूनच तर," तो बोलून गेला आणि ओशाळला.

बाईंचा फोन काढून घेतला गेला. हॉटेलच्या खोलीत दाराला पलंग लावून एक पोलीसबाई झोपली. जेवायला लाल मिरच्या पसरून वाफवलेलं माशाचं डोकं आलं. बाईंनी जेवायच्या काड्यांना हातही लावला नाही. कुठल्या कलमाखाली मला इथे आणलंस, असं त्यांनी फंगला पुन्हा पुन्हा विचारलं.

"कलम नका विचारू बाई. मासा कसा झालाय ते विचारा."

वर्गात आपणच याला घटनेतली कलमं घोकायला लावली होती, हे आठवून त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी त्यांना होडीतून फिरवायचं ठरलं होतं. धक्क्यावर बाईंच्याच शहरातल्या म्हाताऱ्या बायकांचा एक प्रवासी गट परतीच्या गडबडीत होता. बाई स्वच्छतागृहात शिरल्या आणि मागच्या दाराने त्या घोळक्यातून थेट त्यांच्या बसमध्ये जाऊन बसल्या. शेजारणीला त्यांनी खरं ते सांगून टाकलं. डोक्यावरची गटाची टोपी काढून तिने बाईंच्या डोक्यावर ठेवली.

कोर्टाच्या गल्लीत पोहोचल्या तेव्हा दुपार झाली होती. शिपायाने अडथळ्यापाशीच थांबवलं.

"खटला खुला आहे ना?" बाईंनी विचारलं.

"खुलाच आहे. पण आत जागा नाही."

जागा कोणी अडवली होती ते थोड्या वेळाने कळलं. आळोखेपिळोखे देत माणसं बाहेर पडली. कुठल्याशा कचेरीतून खुर्च्या भरायला आणलेली. जेवणाचा डबा मिळाला नाही म्हणून ती कुरकुरत होती. मी तिची आई, मी तिची आई, असं बाई सांगत राहिल्या. शिपाई त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला.

तेवढ्यात फंग धापा टाकत आला. "बाई, माझी नोकरी घालवाल तुम्ही."

"माझी मुलगी तुरुंगात चाललीय, आणि तू मला नोकरीचं सांगतोस?"

त्याने मान खाली घातली, पण बाईंचा दंड काही सोडला नाही.

यीलानसाठी सरकारने नेमलेला वकील शेवटी बाहेर आला. सहा वर्षांची सजा, तो म्हणाला. खटला चालू असताना यीलान पुन्हा पुन्हा मागे वळून खुर्च्यांकडे बघत होती, हेही त्याने सांगितलं. तेव्हा न्यायाधीशांनी तिला सांगितलं, की तुमची आई आपल्या मर्जीने सहलीला गेली आहे.

"मग? ती काय म्हणाली?"

वकील घुटमळला. "म्हणाली, माझ्या आईला गाडी लागते, ती हौसेने गल्लीच्या टोकापर्यंतही गाडीतून जायची नाही. न्यायाधीशांनी ते नोंदवू नका म्हणून सांगितलं."

अपील करा, म्हणून बाईंनी त्याची बाही धरली. आपल्याला तशी परवानगी नाही, असं पुटपुटत त्याने ती सोडवून घेतली.

पुढच्या आठवड्यात बाई तुरुंगाच्या खिडकीशी मुलीची भेट मागायला गेल्या. आतल्या माणसाने सांगितलं, कैद्याची वागणूक बघून भेटीचं ठरतं, नंतर या. नंतर म्हणजे कधी, असं त्यांनी विचारलं. त्याने खिडकी लावून घेतली. बाईंनी काचेवर टकटक केली. मग तळहाताने थापटलं. मग मुठीने.