पाठमोरं गिऱ्हाईक

सूरज सहा वर्षं कॅनडात मासे विकत होता. म्हणजे मासे आपले आपणच विकले जायचे. सूरज पांढरी टोपी घालून काचेमागे उभा असायचा. गिऱ्हाईक यायचं, चिठ्ठीवरचा भाव वाचायचं, पाकीट उचलायचं, जायचं. मासा मुका, गिऱ्हाईक मुकं, सूरजही मुकाच.

मग त्या देशाने त्याचा कामाचा परवाना वाढवला नाही. तो दिवाळे गावात घरी परतला, आणि त्याच आठवड्यात त्याच्या आईचं, मैनाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं.

"चार दिस ओट्यावर तू बस," मैना म्हणाली. मच्छीबाजारातला तिचा ओटा तीस वर्षांचा. "रविवारी मच्छीवाल्यांच्या संघाच्या कागदावर, माज्या मागं ओटा कुनाचा, त्ये नाव लिवायचं हाय. तुजं का रुतिकाचं, ते या चार दिसांत कलंल."

रुतिका त्याची धाकटी बहीण. रबाळ्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसायची. सूरजला मात्र ओटा हवाच होता. एका देशाने परत पाठवलं होतं. आता आईनेही पाठवलं असतं तर जायला तिसरी जागा नव्हती.

गुरुवार. सूरजने ओटा घासूनपुसून लख्ख केला आणि पाटी लावली:

भाव ठरलेले आहेत.
रांगेत उभे राहावे.
माशांना बोट लावू नये.
आपला दिवस आनंदाचा जावो.

शेजारच्या ओट्यावरच्या पुतळाला वाचता येत नव्हतं. तिने पाटीकडे पाहून हात जोडले. "कोन गेलं रं?"

पहिलं गिऱ्हाईक आलं ते स्मिता मॅडम. सेक्टरातल्या, मैनाकडे पंधरा वर्षं येणाऱ्या.

"कोळंबीचा वाटा कसा?"

"चारशे."

"चारशे? सोन्याचं पाणी दिलंय का? अडीचशे घे."

"मॅडम, फिक्स रेट आहे."

"मग राहू दे."

इथे जरा थांबायला हवं. 'राहू दे'चे आपल्याकडे दोन अर्थ. एक तोंडाने सांगतात, दुसरा पाठीने. तोंडाने सांगितलेला खोटा असतो. पाठीने सांगितलेला असा:

पहिलं पाऊल. लांब, रागाचं.

दुसरं. जरा आखूड.

तिसरं. हे पाऊलच नव्हे, चपलेचा पट्टा नीट करणं आहे.

चौथं. पुतळाच्या बोंबलांकडे बघणं, ज्यांत मॅडमना काडीचा रस नाही.

एवढ्या वेळात विकणारीने ओरडायचं असतं, "ये गं बाय, तीनशेला ने, सकालची भवानी हाय!" मग गिऱ्हाईक उपकार केल्यासारखं तोंड करून परत येतं. हे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. फक्त कॅनडात सहा वर्षं काढलेली माणसं ते विसरतात.

सूरज अदबीने म्हणाला, "हॅव अ नाइस डे, मॅडम."

स्मिता मॅडम गर्रकन वळल्या. इतक्या सभ्यपणे त्यांचा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

दुपारपर्यंत ओट्यापासून चार पावलांवर सात बायका पाठ करून उभ्या होत्या. लांबून वाटावं, बसथांबा आहे. एकेकीला सूरजने दिवस आनंदाचा दिला, आणि एकेक जण तो घेऊन निघून गेली. कोळंबी राहिली.

शुक्रवारी स्मिता मॅडम पुन्हा आल्या, भांडायलाच.

"मॅडम, समोरच्या मॉलमध्ये छापील भाव गपचूप देता ना?" सूरजने विचारलं. "तिथल्या फ्रीजशी वाद घालता का?"

"फ्रीज माझ्याशी काय बोलणार? तुझी आई बोलते. मी भाव पाडते, ती शिव्या घालते, मी निघते, ती बोलावते. तू मला जा म्हणालास."

"मी नाइस डे म्हणालो!"

"तेच म्हणतेय मी!"

शनिवारी सूरजने शिकायचं ठरवलं. बोलवायचं ना, बोलवू. पण कुणाला, कधी, याचं ट्रेनिंग कुठे मिळतं? त्याने मासे घेऊन निघालेल्या बाईला परत बोलावलं. तिने घाबरून पिशवीच तपासली. श्यामसुंदर नावाचा शाकाहारी गृहस्थ मुतारी शोधत चालला होता. त्याला तर सूरजने तीन हाका मारल्या, वर भाव पन्नासने उतरवला.

"आरं त्याला जाऊ दे," पुतळा म्हणाली, "त्याला घाई हाय."

रविवारी मैना काळा चष्मा लावून आली. पुतळाने तिला सगळं सांगितलं, वर थोडं पदरचं घातलं. मैनाने बर्फातली कोळंबी पाहिली. मग सुरमईचे तुकडे उचलून डोळ्याशी नेले. सगळे एका मापाचे, एकाचीही कड फाटलेली नाही.

"ह्ये कुनी कापलं?"

"मी."

"हात सोन्याचा हाय रं. तोंड तेवढं तिकडंच ऱ्हायलं."

"आये, मला एक महिना दे. येईल मला."

"तीस वर्सांत मला पुरतं आलं न्हाय, तुला म्हयन्यात येतंय?" तिने कागद घेतला आणि रुतिकाचं नाव लिहिलं. सूरजच्या हातात कोयता दिला. "मागं बस. काप."

त्याला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणंच तर येत नव्हतं.

रुतिका पदर खोचून पुढे बसली आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "काय भाबी, लई वाळलीस! नवरा जेवायला घालत न्हाय का? घे हलवा, ताजा मासा हाय!"

"असं तिकडे बोललं तर केस होते," मागून सूरज पुटपुटला.

भाभींनी हलव्यावरून दहा मिनिटं घासाघीस केली, दोनदा रागाने निघाल्या, दोनदा आल्या. शेवटी त्यांचं लक्ष मागे गेलं.

"हा कोण गं?"

"आमचा दादा. फॉरेनचा हाय," रुतिका म्हणाली. "त्याच्याकडनं कापून घेतलं तर वीस रुपये जास्त."

भाभींनी चकार शब्द न काढता वीस रुपये ठेवले. सूरजने मान खाली घातली आणि हलव्याचे खवले काढायला घेतले.