गळक्या डब्याची लाल फीत

मी डबा बोलतोय. जेवणाचा नाही, हसू नका. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर असतं ना, आत दोन पलंग, एवढासा ओटा, खिडक्यांना जाळी? कॅरॅव्हॅन. तो मी. दुकानात सगळे मला डबाच म्हणायचे. पुढे जे झालं ते बघता बरोबरच म्हणायचे.

मी विकला गेलो तो एका पैजेपायी.

दुकानात दोन विक्रेते. एक टकल्या, जुना आणि आगाऊ. दुसरा साखऱ्या, नवीन लागलेला. बोलायला इतका गोड, की समोरच्याला मुंग्या लागाव्यात. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून दोघं माझ्या पायरीवर चहा ढोसत बसले होते. टकल्यानं माझ्या कडीला बांधलेली लाल फीत बोटानं उडवली.

"स्वतःला फार शहाणा समजतोस ना? हा डबा आज विकून दाखव."

"ह्याला फीत आहे."

"म्हणून तर. बिनफितीचा काय, माझी सासूपण विकेल."

"आणि विकला तर?"

"महिनाभर तुझा चहा मी करीन. वर तुला साहेब म्हणीन, सगळ्यांदेखत."

साखऱ्या 'हो' म्हणाला. गाढव लेकाचा.

आता फितीचं सांगतो. आमच्या दुकानात नवा डबा आला, की त्याला आंघोळ घालतात. एकजण बाहेरून पाइपानं पाणी मारतो, दुसरा आत टॉर्च घेऊन बसतो. आत थेंब आला, की कडीला लाल फीत. म्हणजे ह्याला हात लावू नका, हा गळतोय, आधी शेडमध्ये न्या. माझी आंघोळ त्याच सकाळी झाली होती. टॉर्चवाला बाहेर आला तो कपाळ पुसतच.

दोष छताच्या पुढच्या कोपऱ्यात होता. कारखान्यात तिथे पट्टी बसवून खाली चिकट मलम भरतात. माझं मलम भरणारा माणूस शेजारच्याशी हुज्जत घालत होता, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. नखाएवढी फट राहिली. जेवून आला आणि पुढच्या डब्याला लागला. मला कळलं होतं हो. पण नवाकोरा होतो, अंगावर अजून प्लॅस्टिक होतं. वाटलं, खपून जाईल. गृहपाठ न करता मागच्या बाकावर बसलं, की वाटतं ना, आज सर आपल्याला नाही विचारणार? तसंच.

पण सर आले. म्हणजे काका आले.

काका बस चालवायचे. आयुष्यभर हजारो माणसं पोचवली आणि आता रिटायर. काकू शिवणकाम करायची. त्यांची लेक दूर दुसऱ्या गावात, एका खोलीच्या घरात, त्यात सासू-सासरे. लेक गरोदर होती. बाळंतपणाला आई-बाबा जवळ हवेत, पण त्यांना झोपवणार कुठे? तिच्या घरामागे मोकळी जागा होती. म्हणून ह्यांनी डोकं लढवलं, की आपलं घर आपणच ओढत न्यायचं.

काकांनी माझ्या टायरवर लाथ मारून बघितली. सगळे मारतात. त्यानं काय कळतं ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. काकूनं मात्र खाली बसून पलंगाखाली हात फिरवला आणि विचारलं, "ओल नाही ना धरणार? तान्हं बाळ असणार आहे आत."

साखऱ्या तेव्हा दारात उभा होता. हात पाठीमागे, आणि त्या हातात माझी फीत. नुकतीच सोडलेली.

"काकू, ओल? ह्यात? अहो, पाण्यात टाकला तरी कोरडा राहील."

"आणि हातात काय लपवलंय तुम्ही?"

साखऱ्याच्या चेहऱ्याचा रंग क्षणभर उडाला. पण जीभच ती. "तुमच्यासाठीच आहे. नव्या घराची भेट. आमच्याकडून." आणि फीत काकूच्या हातात ठेवली.

काकूनं ती हातावर उलगडून बघितली. "छान आहे हो. सॅटीन आहे."

मला तेव्हाच चाकातली हवा सोडून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी टकल्यानं खरंच चहा केला म्हणे, आणि 'घ्या साहेब' म्हणाला. मी तोवर काकांच्या घरासमोर जाऊन उभा होतो. काकूनं मला पडदे शिवले, पिवळे, बारीक फुलांचे. पलंगाशेजारचा पडदा बाजूला ओढून तिनं तो कशानं बांधला असेल? ओळखा. लाल फितीनं. छान गाठ मारून, टोकं सारखी करून.

सवय व्हावी म्हणून दोघं रात्री माझ्यातच झोपायला लागली. मग पाऊस आला. फार नाही, साधाच. आणि मी पलंग ओला केला.

आता तुम्हीच सांगा, घोड्याएवढं पोर, बाहेरून कडक इस्त्री, आणि अंथरूण ओलं करतंय. कुणाला तोंड दाखवणार? काकूनं सकाळी गादीवर हात ठेवला, वास घेतला, छताकडे बघितलं. मी छत आत ओढून घ्यायचा प्रयत्न केला. होत नाही ते.

काकांनी दुकानात फोन लावला. फोनवर शेठ स्वतः होते, दुकानाचे मालक. मी स्पीकरवर ऐकलं.

"आत स्वयंपाक करता का?"

"चहा होतो."

"आणि दोघं झोपता आत?"

"मग काय, छतावर झोपू?"

"तसं नाही हो. वाफ असते. श्वासाची वाफ. माणूस श्वास सोडतो ना, ती वर जाते, गार होते, खाली येते. वापरण्याची पद्धत शिकावी लागते, काका. खिडकी उघडी ठेवत जा."

काकांनी फोन ठेवला आणि काकूकडे वळून म्हणाले, "सांगत होतो ना, किटलीवर झाकण ठेव म्हणून."

इथून पुढचं सांगताना माझा पत्रा लाल होतो. काकांना मी आवडलो होतो. मला त्यांनी निवडलं होतं, टायरला लाथ मारून. मी गळतो म्हटलं, की त्यांना कुणीतरी फसवलं असं होणार. म्हणून दोष किटलीचा. मग ओल्या टॉवेलचा. मग काकूच्या घोरण्याचा.

"तू तोंड उघडं ठेवून झोपतेस. वाफ तिथूनच."

"आणि तुम्ही? तुम्ही काय नाकात बूच घालून झोपता?"

काकूनं आतला चहा बंद केला. खिडकी उघडी ठेवून स्वेटर घालून झोपायला लागली. एकदा तर मी बघितलं, ती तोंडावर रुमाल धरून झोपली होती. मी गळतोय आणि ही बाई श्वास चोरतेय! एखादा खिळा तरी उडवून 'ओ काका, मी करतोय हे सगळं' म्हणावंसं वाटायचं. पण मला बोलता येत नव्हतं. मला एकच गोष्ट यायची, तीच मी पुन्हा करायचो.

काका मला एकदा दुकानात घेऊन गेले. तिथे एकानं वरून पांढरं मलम फासलं, भलत्याच कोपऱ्यात, आणि शेठनं चहा पाजला. साखऱ्या आम्हाला बघून मागच्या दारानं सटकला. पुढच्या पावसात मी पुन्हा तेच. आता तर पलंगाखालची फळी पण दाबली की बिस्किटासारखी मऊ लागायला लागली. कारखान्याला फोन केला तर ते म्हणाले, दुकानदाराशी बोला. दुकानदार म्हणाला, कारखान्याशी बोला. काका मध्ये चेंडूसारखे.

लेकीचे दिवस भरत आले होते. तिचा फोन आला.

"आई, कधी निघताय?"

"निघू गं. जरा हे कोरडं..."

"अजून ओलंच? आई, रडतेयस का तू?"

"नाही. रडले तर वाफ होते म्हणतात."

ही लेक कामाला कुठे, माहितीय? वॉशिंग मशीनच्या दुकानात, तक्रारींच्या फोनवर. दिवसभर लोकांची बोलणी खायची.

"आई, 'वापरण्याची पद्धत', हे वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतात. मी स्वतः म्हणते दिवसभर, आणि घरी येऊन मला जेवण जात नाही. पैसे कुणाला दिले तुम्ही?"

"त्या शेठला."

"मग कारखाना गेला उडत. ज्यानं विकलं त्यानंच निस्तरायचं. नवी वस्तू घेतल्या घेतल्या बिघडली, तर ती चांगली होती हे त्यानं सिद्ध करायचं. तू कशाला सिद्ध करत बसलीयस, की तू श्वास कमी घेतेस? एकदा दुरुस्तीची संधी दिलीत ना? झालं. आता बदलून द्या नाहीतर पैसे परत, एवढंच बोल. आणि बाबांना सांग, गळका डबा घेऊन आलात तर बाळाला त्यात ठेवू देणार नाही मी."

काका शेजारीच होते. मला ओढणाऱ्या जीपची किल्ली घेतली.

दुकानाच्या आवारात शिरताना शेडजवळ एक नवा डबा उभा होता. कडीला लाल फीत. साखऱ्या तिथेच होता, ह्या वेळी सटकायला जागा नव्हती. काकूला त्याला बघून खरंच आनंद झाला. ती काच खाली करून ओरडली, "अरे वा! ह्यालाही भेट दिलीस का? कुणाचं बाबा नशीब उघडलं?"

टकल्याच्या हातातला कप कलंडला.

शेठ बाहेर आले. काकूनं लेकीचं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. "बदलून द्या नाहीतर पैसे परत." शब्द एकही चुकला नाही.

शेठ हसले. "काकू, डबा गेला तेव्हा खणखणीत होता. साखऱ्या, तूच विकलास ना? जा, आत जाऊन वाफेचे डाग दाखव त्यांना."

साखऱ्या पायरी चढून आत पलंगापाशी आला. फळी त्याच्या पायाखाली मऊ दबली. मी लाजेनं मेलो. समोर पिवळा पडदा, आणि त्याला ती फीत. तो बघतच राहिला.

"तू दिलेलीच आहे," काकू मागून म्हणाली. "जपून ठेवलीय. लेकीचं बाळ आलं, की त्याच्या पाळण्याला बांधणार आहे. तेवढंच एक चांगलं झालं बघ ह्या डब्यात."

साखऱ्याची जीभ तेव्हा मी पहिल्यांदा अडलेली बघितली. शेठ बाहेरून ओरडले, "दिसले का डाग?"

"शेठ, वाफ नाहीये," तो म्हणाला. मग बाहेर येऊन, सगळ्यांसमोर, "काकू, ती भेट नव्हती. ती फीत ह्याच्या कडीला होती. जो डबा गळतो त्याला बांधतात. मला माहीत होतं. मी ती सोडली आणि तुम्हाला विकला. पैज लागली होती. चहावर."

"कशावर?"

"चहावर."

काकूनं शेडजवळच्या डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग स्वतःच्या तोंडावर हात धरला, त्या रुमालासारखा, आणि लगेच काढला.

शेठ साखऱ्यावर डोळे काढत होते, पण आवारात आणखी दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. शेठ खाकरले. "बदलून देतो. तो समोरचा बिनफितीचा घ्या, टेस्ट झालेला आहे."

"आधी पाणी मारा," काकू म्हणाली. "माझ्यासमोर. मी आत बसते."

साखऱ्यानं पाइप धरला. काकू नव्या डब्यात टॉर्च घेऊन किती वेळ बसली! बाहेर आली ती कोरडी खडखडीत.

मी सध्या शेडच्या मागे आहे. छत उघडं, फळी काढलेली, कडीला फीत पुन्हा. ती साखऱ्यानंच बांधली, दोन गाठी मारून. मला आता तिची लाज वाटत नाही. ती होती तेव्हाच मी खरा होतो. एवढंच मागणं आहे, की नवी वस्तू घरी येऊन बिघडली, तर आधी घरातल्या बाईकडे बघू नका. ज्यानं विकली त्याच्याकडे जा. आणि आम्ही वस्तू लाजून गप्प बसतो, तुम्ही बसू नका.

त्या दिवसाचं शेवटचं राहिलं. सामान नव्या डब्यात गेलं होतं. काका एकटेच माझ्यात आले, पिवळे पडदे काढायला. काढता काढता पलंगाच्या कडेवर बसले. तेवढ्यात काकू किटली न्यायला आली. काका मऊ फळीवर बूट दाबत म्हणाले, "चुकलं माझं." इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

"काय म्हणालात? गळतंय का कुठे?"

"काही नाही."

"मग मी निघते."

"अगं थांब!" आणि मग काका त्यांच्या बसच्या आवाजात, शेवटच्या सीटवरच्या पॅसेंजरला ऐकू जाईल असे ओरडले, "चुकलं माझं! डबा गळत होता आणि मी तुला बोललो!"

सगळं आवार वळून बघायला लागलं. टकल्या, साखऱ्या, शेठ, ती दोन गिऱ्हाइकं. काकूनं किटली उचलली आणि भला मोठा श्वास घेतला.