पिवळी नाडी

न्यायालयाच्या तळमजल्यावर, खिडकी क्रमांक चारच्या मागे बसून दप्तरी एकवीस वर्षं गुन्ह्यांना नाड्या बांधत आले होते. गुन्ह्यांचे वर्ग पाच, नाड्यांचे रंगही पाच. पहिला वर्ग लाल: खून आणि खुनाच्या तोडीचे गुन्हे, शिक्षा जन्मठेप. दुसरा पिवळा, वीस वर्षांपर्यंत. तिसरा हिरवा, दहापर्यंत. मग निळा, आणि शेवटी पांढरा, ज्यात माणूस वर्षाच्या आत सुटून येतो आणि घरचे विचारतात, इतक्यात? तक्ता दप्तरींना तोंडपाठ होता. नातवाने बरणी फोडली तरी ते आधी वर्ग ठरवत आणि मग रागावत.

तुरुंगाकडे जाणारी खटल्याच्या कागदांची प्रतही त्याच रंगाच्या नाडीत जायची. तिथले लोक वाचत बसत नसत. लाल दिसली की एकट्याची कोठडी आणि महिन्यातून एकच भेट, तीही काचेआडून. पिवळी दिसली की चारचौघांत बराक, आणि दर रविवारी भेट.

मंगळवारी सुताराची आई खिडकीशी आली. भागीदाराचं गोदाम जाळल्याच्या आरोपावरून सुतार आठ महिने आत होता. खटला अजून उभा राहायचा होता. भेट एकदाच का, असं म्हातारी दर महिन्याला विचारायची. दप्तरी न कंटाळता समजावायचे, की आजी, हा पहिला वर्ग आहे, आणि आत माणूस असल्याशिवाय जाळपोळीला पहिला वर्ग लागत नाही. जागा रिकामी असली तर दुसरा. समजावून सांगण्याची त्यांना हौस होती.

या वेळी तिने वेगळंच विचारलं. "मला वाचता येत नाही, दादा. आत कोण होतं, तेवढं वाचून दाखवा."

दप्तरींनी गठ्ठा काढला, लाल नाडी सोडली. वरच्याच पानावर ठसठशीत अक्षरांत होतं: गोदाम रिकामे. वर्ग दुसरा.

पॅन्टला चांगला पट्टा होता, तरी त्यांचा हात कमरेकडे गेला. आठ महिन्यांपूर्वी घरच्या पायजम्याची नाडी तुटली, तेव्हा रिळावरचा शेवटचा पिवळा तुकडा ते खिशात घालून घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी सुताराचे कागद आले. पिवळी नव्हती. तूर्तास लाल बांधू, रीळ आलं की बदलू, असं म्हणून त्यांनी दोन्ही प्रती बांधल्या. रीळ चार दिवसांत आलं. बदलायचं राहून गेलं.

"साहेबांना विचारून सांगतो. उद्या या."

म्हातारी बरं म्हणून गेली. ती भांडली असती तर दप्तरींना जरा बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ते पॅन्ट घालूनच जेवायला बसले. बायकोने कारण विचारलं, तर म्हणाले थंडी आहे. ती पंख्याकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं आणि सवयीने वर्गवारीही केली. सरकारी नाडी घरी नेणं, पाचवा. सरकारी दप्तरात खोटी खूण, तिसरा. पण माणसाला आठ महिने उगाच एकटं कोंडणं? तक्ता त्यांनी दोनदा मनात म्हटला, एकदा मोठ्याने. वर्ग सापडेना. बायको म्हणाली, ज्यांनी तक्ता केला ते कचेरीतलेच असतील. मग तिनेच पायजमा आणून त्यांच्यापुढे ठेवला.

सकाळी न्यायाधीशांच्या टेबलावर ती चुरगळलेली नाडी ठेवून दप्तरींनी कबुली दिली. न्यायाधीशांनी पुरावा हातात न घेता पाहिला.

"माझ्यापुढे गठ्ठा सोडूनच येतो," ते म्हणाले. "मी आजवर एकही नाडी पाहिलेली नाही."

दप्तरींच्या जिवात जीव आला. म्हणजे निकालाला धक्का नाही.

"तुरुंगात मग वर्ग कोण ठरवतं?"

आलेला जीव परत गेला. "मीच, साहेब."

न्यायाधीशांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला: आजपासून बराक, रविवारी भेट. दप्तरींना चौकशीचं पत्र मिळेल असंही सांगितलं. आणि त्या आजींना तुम्हीच सांगायचं, ते म्हणाले, खिडकीतून नव्हे, बाहेर जाऊन.

खिडकीची बाहेरची बाजू दप्तरींनी कामाच्या वेळेत कधी पाहिली नव्हती. बाकड्यावर म्हातारीशेजारी बसून त्यांनी नाडीपासून पायजम्यापर्यंत काही न गाळता सांगितलं. ती पायजम्याला हसली नाही.

"म्हणजे आत कोणी नव्हतं."

"नाही, आजी."

"तो हेच सांगत होता. काचेपलीकडून, दर वेळी." तिने पदर नीट केला. "मी म्हणायचे, खिडकीवरचे साहेब शिकलेले आहेत, ते कशाला खोटं सांगतील? खरं बोल बाबा, आत कोण होतं? मागच्या भेटीत तो काही बोललाच नाही. नुसता बसून राहिला."

दप्तरींनी रविवारच्या भेटीचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत त्यांच्यापुढे धरला.

"त्याला आता काय सांगायचं, ते यात लिहिलंय का?"

दप्तरींनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वेळ लिहिली होती, फाटकाचा क्रमांक लिहिला होता. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला.