निळ्या रेघेबाहेरचं दुकान

मामांचं पुस्तकबांधणीचं दुकान नदीपासून तीन गल्ल्या आत, उतार संपतो तिथे होतं. पुढे कापायचं मशीन, मागे लोखंडी दाबयंत्र, भिंतीला पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि कोपऱ्यात खळीचं पातेलं. आई गेल्यावर मी याच दुकानाच्या माळ्यावर वाढलो, शिकलो आणि पाटबंधारे कचेरीच्या नकाशा विभागात चिकटलो. मामांना त्याचं कोण कौतुक! डोळ्याचं ऑपरेशन कुठे करायचं, थोरल्या लेकीला एवढ्या लांब द्यायचं का, सगळं मलाच विचारायचे. मी म्हणेन ती पूर्व दिशा.

त्या वर्षी दुकानाचा विमा पुन्हा करायची वेळ आली. एजंटबाई मामींच्या ओळखीतल्या. फॉर्मवर आग आणि चोरी यांपुढे खूण होतीच. पुरापुढचा चौकोन रिकामा होता. ते कलम वेगळं घ्यावं लागे.

"घेऊन टाका," बाई म्हणाल्या.

"भाच्याला विचारतो," असं म्हणून मामांनी पेन खिशाला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कचेरीत आले. मी टेबलावर पूररेषेचा नकाशा पसरला. नदीच्या दोन्ही अंगांना निळी रेघ, आतली घरं फिकट निळी. मी बोट ठेवलं. "ही तुमची गल्ली. रेघ दोन गल्ल्या अलीकडेच थांबते."

"थांबते कोण? रेघ की नदी?" मामा हसले.

"मामा, हे मोजमाप करून काढलंय."

"असेल रे. पण तुमच्या कचेरीची जुनी रजिस्टरं माझ्याकडे बांधायला आली होती ना, तेव्हा एकात वाचलं होतं. आपल्या गल्लीत छातीएवढं पाणी. अकरावं रजिस्टर, बहुतेक. ते पान सुटं झालं होतं, मीच शिवून बसवलं. बघशील जरा?"

"बघतो," मी म्हणालो.

जुनं दप्तर जिन्याखालच्या खोलीत होतं, किल्ली शिपायाकडे. फार तर दहा मिनिटांचं काम. साहेबांना संध्याकाळपर्यंत एक तक्ता हवा होता, हे खरं. पण तक्ता हे निमित्त. आम्ही काढलेल्या रेघेवर सातवी शिकलेल्या माणसाने शंका घ्यावी, हे मला झोंबलं होतं. मी जागचा हललोच नाही. वर ऐट काय, तर म्हणालो, "तुमच्या दारात पूर आला तर माझं नाव बदला."

मामांनी मान डोलावली. चौकोन रिकामाच राहिला.

अकरा महिन्यांनी नदी आली. गावात लख्ख ऊन होतं, लोकांचे कपडे दोरीवर वाळत होते. पाऊस वरच्या डोंगरात पडत होता, सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पुलावरच्या मोजपट्टीवर पाणी तासाला हातभर चढायला लागलं. दुपारी मी कचेरीतून पळत सुटलो, तोवर गल्लीत गुडघाभर पाणी होतं.

मामा पुस्तकं माळ्यावर चढवत होते. स्वतःचा कागद नाही, पुठ्ठा नाही, लोकांची पुस्तकं. मामी शिडी धरून ओरडत होत्या, "अहो, जीव आहे तर सगळं आहे! चला आता!" मी मामांना दंडाला धरून ओढलं तेव्हा त्यांच्या छातीशी शाळेची चार हजेरीपुस्तकं होती. शेजारच्या गच्चीवरून आम्ही दोन दिवस ते तपकिरी पाणी बघत बसलो. ते माळ्यावरही चढलं.

पाणी ओसरल्यावर पुस्तकं फुगून पाठीतून उकलली होती. दाबयंत्राच्या आट्यांत चिखल घट्ट बसला होता. एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या आजोबांची हस्तलिखित वही बांधायला दिली होती. त्यांनी तो लगदा हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि हळूच पुन्हा टेबलावर ठेवला. मग निघून गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

विमा कंपनीचा माणूस आला. सभ्य होता. चपला बाहेर काढून चिखलात अनवाणी उभा राहिला. "आग नाही, चोरी नाही. पुराचं कलम तुम्ही घेतलेलंच नाही."

"आता जोडता येईल का हो?" मामींनी विचारलं.

"पुढच्यासाठी येईल, मावशी. झालेल्यासाठी नाही."

मी तिथेच उभा होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाकडून किल्ली घेतली. अकरावं नव्हे, बारावं रजिस्टर निघालं. मामांचा दोरा ओळखू आला. आत कुणा जुन्या कारकुनाच्या वळणदार अक्षरात आमची गल्ली, बत्तीस घरं, पाणी पुरुषाच्या छातीपर्यंत, मुक्काम दोन दिवस. आमची निळी रेघ पुलावरच्या मोजपट्टीच्या आकड्यांवरून काढलेली, आणि मोजपट्टी बसवून झाली होती सव्वीस वर्षं. त्याआधी नदीने काय केलं ते रेघेला ठाऊकच नव्हतं. रेघ खोटी नव्हती. तिला जेवढं माहीत होतं तेवढंच ती सांगत होती. त्यापलीकडचं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

त्या पानाची नक्कल जोडून मी साहेबांना अर्ज दिला. "पुढच्या दुरुस्तीत बघू," ते म्हणाले. मग रविवारी तीच नक्कल घेऊन, पुराचा विमा घ्या असं सांगत मी घरोघर फिरायला लागलो.

"शंभर वर्षांतून एकदाचा पूर ना हा?" एक दुकानदार म्हणाला. "येऊन गेला. आता पुढचा नातवंडांनी बघावा."

"तसं नसतं, काका. डब्यात शंभर चिठ्ठ्या आहेत असं समजा, एक पुराची. दरवर्षी एक काढायची आणि परत टाकायची. यंदा निघाली म्हणून पुढच्या वर्षी निघणार नाही असं थोडंच आहे?"

काहींना पटलं. एक बाई मात्र म्हणाली, "हे तू गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?" मी नक्कल तिच्यापुढे धरली. त्या वर्षी एकोणीस घरांनी पुराचं कलम घेतलं. रेघ सरकायला आणखी दोन वर्षं लागली.

मामांशी त्याबद्दल बोलायला मला पुरानंतर महिना लागला. ते रॉकेलच्या फडक्याने दाबयंत्राचा गंज काढत होते.

"मामा, मी ते रजिस्टर बघितलं नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं."

"अरे, नदी काय तू सोडलीस?"

"पण तुम्ही मला विचारलं होतंत."

त्यांचा हात थांबला. म्हणाले, "हो. विचारलं होतं खरं." आणि पुन्हा पुसायला लागले.

दाबयंत्र शेवटी भंगारात गेलं. मामांनी बाजारात पहिल्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली, हे मला एजंटबाईंकडून कळलं. मी गेलो. खोली चांगली होती, उजेडाची. मामी खळ ढवळत होत्या.

"जागा घेताना बोलला नाहीत मला?"

"तू कामात असतोस," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तोच तर त्रास होता. "खालच्या घड्याळवाल्याला विचारलं. त्याला या भागातलं सगळं ठाऊक आहे."

मामींनी चहा दिला. मामांना एक मोठा पुठ्ठा कापायचा होता, एकट्याला आवरत नव्हता. मी दुसरं टोक धरलं.