जिनमध्ये पांढरा बेस

अप्पांच्या नजरेबद्दल त्या गल्लीत जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं धरलं, तरी उरलेलं निम्मं पचायला जडच आहे. चाळीस वर्षं रंगाच्या दुकानात डबे घोटलेला माणूस. समोरच्या इमारतीचं फाटक नवं रंगवलं की गॅलरीतून ओरडायचे, "ह्यात हिरव्याचे दोन थेंब जास्त पडलेत हो!" आणि पडलेले असायचे. एकदा म्हणे एक गिऱ्हाईक दुकानात आलं, तर अप्पांनी रंगाचं कार्ड त्याच्या गालाला लावून पाहिलं आणि सांगितलं, "तुम्हाला परवा कावीळ होणार." परवा झाली. डॉक्टरने औषध दिलं ते कार्डावरचा नंबर विचारून.

अशा बापाची थोरली लेक रंगाला पार विटली होती. तिला हवी होती दुकानाशेजारची कोपऱ्यावरची रिकामी खोली. सहा स्टुलं टाकायची, फळांची पेयं विकायची, आणि उरलेल्या जन्मात टर्पेंटाइनचा वास घ्यायचा नाही, एवढंच मागणं. पण खोली मालकीणबाईंची, आणि तिच्यावर एका चपलावाल्याचाही डोळा.

मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या दुकानाला चाळीस वर्षं झाली त्या पार्टीला मी येतेच आहे. तेव्हा पाज तुझं काय ते. जिभेला पटलं तर खोली तुझी, नाही पटलं तर चपलावाल्याची."

थोरलीने तीन आठवडे एकाच पेयामागे घालवले. पिकलेले आलुबुखार मंद आचेवर शिजवायचे, गाळायचे, त्यात लिंबू, साखरेचा पाक, चिमटीभर मीठ, आणि आयत्या वेळी जिन आणि बर्फ. पार्टी सहाला होती. साडेचारला रस गाळून पातेल्यात तयार होता, जिनच्या दोन बाटल्या टेबलावर होत्या. नेमका फ्रीज दगा देऊन बसला, म्हणून ती बर्फ आणायला निघाली. अप्पा आणि दुकानातले त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, स्वयंपाकघरात रिकामे बसले होते. जाता जाता ती म्हणाली, "पातेल्यावर माशी बसू देऊ नका. बाकी काही करू नका." आणि मग, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मासिकातून कापलेला पेयाचा एक फोटो अप्पांच्या हातात देऊन म्हणाली, "हे बघा, असं दिसणार आहे."

रंगवाल्याच्या हातात नमुना देऊन "काही करू नका" म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची.

पन्नास मिनिटांनी ती बर्फाचं पोतं ओढत परत आली. खिडकीच्या कट्ट्यावर चौदा ग्लास ओळीने उभे होते. प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर नंबर. एकात वांगी रंग, एकात विटकरी, एकात असा काही गुलाबी की बघून दात दुखावेत. अप्पा फोटो उजेडात धरून एक डोळा मिटून उभे, आणि काका पंधराव्या ग्लासात सपाट काठी फिरवत होते.

"आलीस? दार लोट," अप्पा मान न वळवता म्हणाले. "दाराची छाया पडतेय."

"अप्पा, हे काय चाललंय?"

"तुझा रस चुकला होता. नमुन्यात पिवळ्याचं बोट आहे, तुझं निळसर मारत होतं. बरं झालं मी पाहिलं."

"पिवळ्यासाठी काय घातलंत?"

"संत्रं," काका म्हणाले. "ते पुरेना, मग गाजर. मग जरा चढलं, म्हणून बीट."

थोरलीने पोतं खाली ठेवलं. आवाज शक्य तितका खाली ठेवून तिने विचारलं, "आणि हे घट्ट, पांढरट कशानं झालंय?"

काकांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने रंगवाल्याच्या घरात जन्मच घेतला नव्हता. "अगं, बेस नको का? फिकी छटा पांढऱ्या बेसवरच उठते. दूध घातलंय."

"लिंबाच्या रसात दूध?"

"फाटलं ते," काकांनी कबूल केलं. "पहिले सहा फाटले. मग दादा म्हणाला, गाठी धरल्यात, थिनर मार."

"थिनर कुठून—" एवढं बोलून तिने टेबलाकडे पाहिलं. एक बाटली आडवी होती. दुसरीत चार बोटं जिन उरली होती.

"दोन बाटल्या होत्या, काका! पंचवीस माणसं यायचीत!"

"आता दर वेळी काठी धुवायला नको का? तांबड्याची काठी पिवळ्यात बुडवून कसं चालेल? पण काय स्वच्छ होते गं! एवढं चांगलं थिनर मी आयुष्यात पाहिलं नाही."

थोरलीने कपाळावर हात मारला, तो तिथेच राहिला. "ह्यातलं एक तरी कुणी चाखून पाहिलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत डबा चाखून पाहायची वेळ दोघांवरही आली नव्हती.

"अप्पा, हे फाटक नाही हो! हे माणसं पिणार आहेत!"

"पिण्याआधी बघणार आहेत," अप्पा शांतपणे म्हणाले, आणि पंधरावा ग्लास त्यांनी फोटोशेजारी धरला. खोटं कशाला बोला, केसाचाही फरक नव्हता. "बघ. फोटो कुठला, ग्लास कुठला, सांग."

"फोटो चाटला असता तरी चव बरी लागली असती!"

एवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "कोण काय चाटतंय?" मालकीणबाई अर्धा तास आधीच हजर. त्या सगळीकडे अर्धा तास आधीच जात. समोरचा काय लपवतो ते तेव्हाच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. थोरलीच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत काकांनी पंधरावा ग्लास त्यांच्या हातात दिला. "घ्या! अगदी नमुन्याबरहुकूम!"

मालकीणबाईंनी घोट घेतला. घोट खाली उतरेना, वरही येईना. शेवटी गिळला.

"रंग सुरेख आहे, रंगवाले," त्या म्हणाल्या. "चव कुठे ठेवलीत?" आणि पर्समधून फोन काढू लागल्या. "त्या चपलावाल्याला सांगून टाकते. बिचारा थांबलाय."

थोरलीला वाटलं, बोटाने दाखवावं: ह्यांनी केलं, त्यांनी केलं. पण पंधराव्या ग्लासासमोर रडगाणं गाऊन मिळणार काय? "बाई, हे माझं नाही," ती म्हणाली. "माझं प्यायचं असेल तर पंधरा मिनिटं बसा. एकच ग्लास होईल."

"बसते. पण खुर्ची पाठीची दे."

परडीत सहा आलुबुखार उरले होते, त्यातले दोन मऊ पडलेले. तिने ते चिरून रिकाम्या झालेल्या पातेल्यात टाकले, आच बारीक केली. अप्पा मागून म्हणाले, "गॅस मोठा केलास तर लालीच—"

"अप्पा, बाहेर!"

"मी नुसतं—"

"काका, ह्यांना घेऊन बाहेर! आणि ती काठी इथे ठेवा!"

दोघं दाराबाहेर गेले आणि दारातून बघत राहिले. तिने रस गाळला, पातेलं बर्फावर ठेवून गार केलं, लिंबू पिळलं, पाक घातला, मीठ टाकलं, उरलेली चार बोटं जिन ओतली. ढवळल्यावर जे झालं ते ओल्या मातीसारखं तपकिरी, वर करडा फेस. दारातून अप्पांचा कण्हण्याचा आवाज आला. "हा रंग मी गटाराच्या झाकणालासुद्धा देणार नाही."

मालकीणबाईंनी एक घोट घेतला. मग दुसरा. मग तिसरा, आणि तळाशी राहिलेला आलुबुखाराचा तुकडा बोटाने काढून खाल्ला.

"दुसरा मिळेल का?"

"जिन संपली हो."

"कशी?"

"काठी धुण्यात."

मालकीणबाईंनी दारातल्या दोघांकडे सावकाश पाहिलं. "खोली तुझी," त्या म्हणाल्या. "एक तारखेपासून. चपलावाल्याला मी काहीतरी सांगते." फोन परत पर्समध्ये टाकून त्या उठल्या.

थोरलीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात अप्पा आत आले. त्यांनी तो रिकामा ग्लास उचलला, तळाचे चार थेंब जिभेवर घेतले, पाचव्यासाठी ग्लास उपडा करून झटकला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. आणि लगेच, "भिंतींना काय देणार?"

"पांढरा, अप्पा. साधा पांढरा."

"साधा पांढरा असं काही नसतं. पांढरे बावीस आहेत."

दारापर्यंत गेलेल्या मालकीणबाई वळल्या. भिंती शेवटी त्यांच्याच होत्या. "बावीस?" त्या म्हणाल्या. "दाखवा बघू."

"आत्ता उजेड गेला. उद्या सकाळी आठला, खोलीतच."

"साडेसातला येते," मालकीणबाई म्हणाल्या, आणि पाठीच्या खुर्चीत परत बसल्या. काकांनी वही काढून लिहून घेतलं. खोली जिची होती तिला कुणी काही विचारलं नाही.