कुसुमताईंचा साठीचा फोन

कुसुमताई, माझी थोरली बहीण, अँड्रॉइडच्या भक्त होत्या. कॅमेरा किंवा बॅटरीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या फोनवर समोरच्याला पत्ता न लागता प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा, एवढ्यासाठीच तो त्यांना प्रिय होता. ताई राहत त्या भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या बायकांना हे माहीत होतं. फक्त प्रत्येकीला वाटे, आपलं सोडून बाकीच्यांचं होतं.

माझ्या बायकोलाही, विनितालाही, तसंच वाटत होतं. ताईंची शेजारीण अलका हिचा जावई "नवरदेव कमी नि मुलीचा काका जास्त दिसतो" असं विनिता एकदा ताईंना फोनवर म्हणाली. हळदीकुंकवात ताईंनी ते स्पीकर लावून अलकासमोर ऐकवलं. वर म्हणाल्या, "मी कुठे काय म्हणतेय? ही विनिता बोलतेय."

विनिता हळदीकुंकवाहून घरी आली, भाकऱ्या थापल्या, रडली नाही. तेव्हाच मी घाबरलो.

ताईंच्या साठीला तिने आयफोन दिला. मी फक्त गिफ्ट पेपर चिकटवला. अलकाकडे आयफोन होताच, त्यामुळे ताईंनी नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

"जुन्यातलं सगळं येईल ना गं ह्यात?"

"महत्त्वाचं सगळं येईल, ताई."

फोटो आले, नंबर आले. जुना फोन विनिता स्वतः त्यातलं सगळं पुसून जवाहर चौकात विकून आली. रेकॉर्डिंगं त्याच्याबरोबरच गेली.

नव्या फोनवर रेकॉर्डिंग होत नाही असं नाही. होतं. पण बटण दाबलं की एक बाई सभ्य आवाजात दोन्हीकडे सांगते की हा कॉल रेकॉर्ड होतोय. ताईंनी पहिला प्रयोग अलकावर केला.

"कुसुमताई, ही कोण बोलली?"

"कंपनीची असेल. तू बोल ना, सुनेचं काय म्हणत होतीस?"

"अच्छा! म्हणजे माझंही करत होतात?"

दुपारपर्यंत ही बातमी साऱ्या कॉलोनीत पसरली. त्यानंतर ताईंचा फोन लोक उचलत, पण हवामानावर बोलत.

महिन्याभराने ताई साकेत नगरला आमच्याकडे आल्या. सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "विनिता, मला बाई जुनाच सूट होत होता. अपनी अपनी पसंद असते."

"मग तसलाच घेऊ की, आज संध्याकाळीच. फक्त अलकाताईंना काय सांगायचं ते ठरवून ठेवा. नाहीतर म्हणतील, कुसुमताईंना आयफोन झेपला नाही."

मी पेपरात डोकं घातलं.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "होईल सवय."

"होते, ताई. मलाही झालीच ना, तुमच्याशी तोलून बोलायची. अजून थोडा चहा?"

ताईंनी कप पुढे केला. जाताना फोन पर्समध्ये ठेवला नाही. हातातच धरला, सफरचंद लोकांना दिसेल असा.