गंजावरचा चंदेरी रंग

मी सायलेन्सर बोलतोय. गाडीच्या पोटाखाली, चिखलात नि धुळीत माझा जन्म जातो. इंजिनाचा गोंगाट दाबून धूर मागच्या टोकानं गुपचूप सोडायचा, एवढंच माझं काम. माझ्याकडं कुणी बघत नाही. एकदाच मला कुणीतरी नटवलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

माझे पहिले मालक फलटणचे जयराज. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गाडीच्या काचा दुसऱ्या कुणाला पुसू द्यायचे नाहीत. पुढं महाबळेश्वरच्या एका हॉटेलात त्यांना देखरेखीचं काम मिळालं आणि आम्ही तिथल्या पावसात राहायला गेलो. खोली ते हॉटेल, एवढंच आमचं जाणंयेणं. मी पुरता तापायच्या आत इंजिन बंद व्हायचं. अंगातली ओल वाळायचीच नाही. वरून चिखल चिकटलेला. हळूहळू माझ्यावर तांबूस पापुद्रे धरले.

नोकरी सुटली, तसे आम्ही फलटणच्या घरी परतलो आणि जयराजनी गाडी विकायला काढली. आटपाडीचे भाऊसो बघायला येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी जयराजनी वाकून मला पाहिलं. खरवडत बसायचा कंटाळा आला असावा. घराच्या फाटकाला लावून उरलेला चंदेरी रंग त्यांनी गंजावरच फासला.

"आवं, त्यांना सांगून तरी टाका," त्यांच्या पत्नी संयोगिता म्हणाल्या.

"सांगितलं तर घेतील का?"

भाऊसोंचं घराणं मेंढपाळांचं. आता डाळिंबाची बाग करतात. आईला, बनाबाईंना, सारखं सांगलीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, म्हणून त्यांना गाडी हवी होती. त्यांनी दारं उघडून पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि हसले. "फौजी माणसाची गाडी हाय. खाली वाकून काय बघायचं?"

मी तिथं लखलखत होतो. जयराज आपल्या बुटांकडं बघत राहिले.

गाडी विकली गेली, पण फाटकाचा रंग माझी धग कसा सोसणार? आटपाडीला येतानाच त्याचा थोडा वास सुटला होता. सांगलीच्या पहिल्याच फेरीत, विट्याच्या पुढं तो करपायला लागला. फुगे आले, उग्र वास सुटला, धूर निघाला.

"थांबीव रं! गाडी पेटली!" बनाबाई ओरडल्या. लुगडं सावरत कशाबशा उतरल्या आणि भर उन्हात रस्त्याकडेच्या मातीत बसल्या. धाप लागलेली. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ हुकली.

भाऊसोंनी जयराजना फोन लावला. मला वाटलं, आता शिव्या.

"साहेब, आमच्याकडचा रस्ता लय खराब हाय. माझ्याच हातनं कायतरी बिघडलं का वो?"

 पलीकडून जयराज म्हणाले, "मी येतो."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं आटपाडीला आले. पिशवीत तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, थिनर आणि उष्णता सोसणारा काळा रंग. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "गंज मला ठाऊक होता, भाऊसो. मी तो लपवला."

भाऊसो गाडीपासून बाजूला सरकले.

जयराज मातीत पाठ टेकून गाडीखाली शिरले. गंज वरवरचाच होता, भोक पडलं नव्हतं. ते मला घासत राहिले. तांबूस भुकटी त्यांच्या मिशांवर पडत होती, ती त्यांनी पुसली नाही. उघडा धातू दिसला, तसा थिनरनं पुसला आणि काळ्या रंगाचे पातळ हात दिले.

बनाबाईंनी चहाचा कप गाडीखाली सरकवला. "सांगितलं असतंस तर आमी घेतली नसती व्हय रं? म्हातारीला मातीत बसीवलंस."

तो चहा तसाच निवला.

हा रंग पक्का व्हायला गाडी हळूहळू तापवावी लागते. म्हणून तो वाळल्यावर भाऊसोच त्यांना स्टँडवर सोडायला निघाले.  उतरताना जयराज म्हणाले, "पावसात फिरली की खालून धूत जा. मधूनमधून लांब न्या, म्हणजे आतली ओल वाळते." भाऊसोंनी मान हलवली. हात मात्र पुढं केला नाही.

आज मी काळा आहे, बिनचमकीचा. बनाबाईंना वेळेवर सांगलीला पोचवतो. एका जोडापाशी पुन्हा तांबूस ठिपका दिसायला लागलाय.

तुमच्याही गाडीखाली माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला गंज चढला तर रागावू नका. आधी खरवडा, मग रंगवा. नुसता रंग फासून त्याला दुसऱ्याच्या दारात उभं करू नका. तिथं चकाकत उभं राहताना तोंड लपवायला आम्हाला जागा नसते.